शाळेचं जनरल रजिस्टर आणि आयरॉड्सच्या आयकमांड्स



आपले विद्यार्थी बारावीनंतर विज्ञान शाखेत पुढे जातात, एमएस्सी-पीएचडीला लागतात आणि कधीतरी त्यांच्या हातात एक काळी स्क्रीन येते. प्रयोगशाळेचा सगळा डेटा आयरॉड्समध्ये आहे, तो कमांड देऊन काढायचा, एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. पेनड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल २', 'खरं फायनल' अशा फाइली ठेवायची सवय झालेल्या मुलाला हे जड जातं. म्हणून आजचा पाठ.

आयरॉड्स म्हणजे काय, हे समजायला आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर पुरेसं आहे. मूल पाचवी 'अ' मधून 'ब' मध्ये गेलं, खोली बदलली, बाक बदलला, तरी त्याचा रजिस्टर क्रमांक तोच राहतो. आयरॉड्सही असंच रजिस्टर ठेवतं. फाइल प्रत्यक्षात कुठल्या डिस्कवर आहे, तिच्या किती प्रती आहेत, हे त्याच्या कॅटलॉगमध्ये नोंदलेलं असतं. आपल्याला मात्र एकच कायमचा पत्ता दिसतो. उद्या संस्थेने डिस्क बदलली तरी तो पत्ता बदलत नाही. सॅन दिएगोच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरमधल्या एसआरबी नावाच्या आधीच्या प्रणालीतून हे काम पुढे आलं. ते मुक्तस्रोत आहे. इंग्लंडमधली वेलकम सँगर इन्स्टिट्यूट आपला जनुकक्रमांचा प्रचंड डेटा यातच ठेवते.

या रजिस्टरशी बोलायच्या आज्ञांना आयकमांड्स म्हणतात. नावं लक्षात ठेवणं सोपं आहे. लिनक्सच्या नेहमीच्या आज्ञेपुढे इंग्रजी लहान 'आय' लावायचा. यादी दाखवणारी 'एलएस' इथे 'आयएलएस' होते, फोल्डर बदलणारी 'सीडी' इथे 'आयसीडी'. फाइल चढवायला 'आयपुट', उतरवायला 'आयगेट'. उबंटूसारख्या लिनक्सवर आयरॉड्सची पॅकेजची जागा सिस्टीमला एकदा सांगितली की 'आयरॉड्स-आयकमांड्स' हे पॅकेज बसवता येतं. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स, चालू करून मग तेच करायचं.

पॅकेज बसलं की 'आयइनिट' द्यायची. ती चार गोष्टी विचारते: सर्व्हरचं नाव, पोर्ट, वापरकर्त्याचं नाव आणि झोन. पोर्ट बहुधा 1247 असतो. झोन म्हणजे त्या संस्थेच्या आयरॉड्सचं आडनाव समजा. मग पासवर्ड. तो टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मुलं इथे हमखास घाबरतात आणि कीबोर्ड बिघडला म्हणतात. बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर दाबायचं.

ही उत्तरं होम फोल्डरमधल्या 'डॉट आयरॉड्स' या लपलेल्या फोल्डरात एका जेसन फाइलमध्ये साठतात. पुष्कळ संस्था ही फाइल तयारच देतात, कारण त्यात सुरक्षित जोडणीच्या आणखी ओळी लागतात. ती चिकटवताना एक स्वल्पविराम राहिला की सगळं अडतं. व्याकरणात विरामचिन्हांचं महत्त्व शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही!

पासवर्डही त्याच फोल्डरात साठतो, फक्त अक्षरं उलटसुलट करून. ते कुलूप नव्हे, नुसती कडी आहे. म्हणून प्रयोगशाळेच्या सामाईक संगणकावरून उठताना 'आयएक्झिट फुल' द्यायलाच हवी. नुसत्या 'आयएक्झिट'ने साठवलेला पासवर्ड जात नाही.

आता नेहमीचा अडथळा. लहान फाइली जातात, यादी दिसते, पण मोठी फाइल चढवायला घेतली की काम लटकतं. मुलाला वाटतं, आपलंच चुकलं. खरं कारण वेगळं असतं. मूळ मांडणीत 32 एमबीपेक्षा मोठी फाइल आयरॉड्स अनेक धाग्यांनी एकदम पाठवतं आणि त्यासाठी 20000 ते 20199 या पोर्टांपैकी काही वापरतं. कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कने ते बंद ठेवले असतील तर दार अडतं. अशा वेळी 'आयपुट'ला कॅपिटल 'एन' आणि शून्य हा पर्याय द्यायचा. मग सगळं 1247 वरूनच जातं, थोडं सावकाश.

फाइल नीट पोचली का, हे कसं ओळखायचं? आपण गुणाकाराला नवाचा ताळा घेतो ना, तसाच इथे चेकसम असतो. 'आयपुट'ला कॅपिटल 'के' जोडलं की पाठवलेल्या आणि पोचलेल्या फाइलीचा ताळा जुळवून पाहिला जातो. नवाच्या ताळ्यात 45 च्या जागी 54 पडले तर चूक सापडत नाही. इथला ताळा मात्र एका अक्षराच्या बदलानेही पूर्ण बदलतो. वर्षभराच्या मोजमापांची फाइल अर्धवट पोचली आणि मूळ प्रत लॅपटॉपवरून पुसली, तर ते वर्ष परत मिळत नाही. त्यामुळे हे 'के' मी ऐच्छिक मानत नाही.

सगळ्यात मोलाची आज्ञा 'आयमेटा'. फाइलीला माहितीची चिठ्ठी चिकटवायची, तीन भागांत: गुणधर्म, किंमत, एकक. आरोग्य तपासणीच्या तक्त्यात आपण 'उंची, 142, सेंमी' लिहितो, अगदी तसंच. 'आयमेटा अ‍ॅड' नंतर फाइल असेल तर लहान 'डी', फोल्डर असेल तर कॅपिटल 'सी', मग नाव आणि ते तीन शब्द. पुढे 'आयमेटा क्यूयू'ने विचारलं की त्या चिठ्ठीच्या सगळ्या फाइली समोर येतात. विचारताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते. गटातल्या एकाने 'तापमान' लिहिलं आणि दुसऱ्याने 'टेंप', तर शोधताना अर्ध्याच फाइली सापडतात. म्हणून शब्द कोणते वापरायचे हे सगळ्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर ठरवावं. हे काम संगणकाचं नाही.

आणि 'आयआरएम' देऊन चुकून फाइल पुसली गेली, तर आधी कचरापेटी बघा. सक्तीचा 'एफ' लावला नसेल तर फाइल सहसा तिथेच असते. 'आयएमव्ही'ने ती परत जागेवर आणता येते.