पेशीतील ऊर्जेचे बियाणे

यीस्टच्या पेशीत ग्लुकोजच्या एका रेणूचे विघटन होताना एटीपी या ऊर्जाद्रव्याचे २ रेणू आधी खर्ची पडतात. ४ मागाहून हाती येतात. शेतकऱ्याने बियाणे पेरावे, तसाच हा व्यवहार. मात्र ताण येऊन एटीपी घटले की बियाणेच तुटपुंजे पडते व ऐन गरजेच्या वेळी उत्पादन मंदावते. यावर उपाय म्हणजे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर : एटीपी वाढताच ते आवरते, घटताच मोकळे होते. हा लगाम फार कडक असल्यास ऊर्जेची पातळी हेलकावे खाते. ढिला असल्यास तूट भरून निघत नाही. या हेलकाव्यांत काही गूढ हेतू असावा, अशी कल्पना मोहक खरी; परंतु जॉन डॉईल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणिताने दाखविले की, तो या रचनेचाच अटळ परिणाम होय. पुढील टप्प्यांतील विकरे वाढविल्यास स्थैर्य सुधारते. पण ती घडविण्याचा खर्चही पेशीलाच सोसावा लागतो.