दंश आणि दाणा

सन १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांची नौका अटलांटिक महासागरातून चालली होती. आल्बेर यांना समुद्राच्या अभ्यासाचे मोठे वेड होते, आणि त्यांच्या सफरींत शास्त्रज्ञांना नेहमीच मानाचे स्थान असे. या सफरीत शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर होते. समुद्राच्या पाण्यावर निळ्या फुग्यासारखा तरंगणारा एक जीव आढळतो. फुग्याखाली त्याचे लांबच लांब तंतू लोंबत असतात आणि त्यांचा नुसता स्पर्श झाला, तरी अंगाची आग आग होते. मुंबईच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात हे निळे फुगे वाहून येतात. या जीवाच्या विषाचा अभ्यास करावा, असे या दोघा शास्त्रज्ञांना सुचविण्यात आले.

फ्रान्सला परतल्यावर तो जीव मिळेना. तेव्हा त्यांनी त्याच्याच जातकुळीतील समुद्रपुष्पाचे विष घेऊन काम पुढे चालविले. त्यांचा विचार सरळ होता. देवीची लस टोचली म्हणजे देवी येत नाहीत, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. मग विषाची अल्पशी मात्रा आधी दिली, तर पुढील मात्रेपासून रक्षण का होऊ नये? त्यांच्या प्रयोगशाळेत नेपच्यून नावाचा एक धट्टाकट्टा कुत्रा होता. त्याला पहिली मात्रा टोचली. त्याला काहीही झाले नाही. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढीच मात्रा पुन्हा टोचली. काही क्षणांतच त्याला धाप लागली, पाय लटपटू लागले आणि तो आडवा झाला. २५ मिनिटांत त्याचा प्राण गेला.

रक्षणासाठी दिलेल्या पहिल्या मात्रेनेच त्याचा घात केला होता! रिशे यांनी या विलक्षण प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘रक्षण’ या अर्थाचा शब्द उलटवून ते बनविले आहे. या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बिचाऱ्या नेपच्यूनचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले, एवढेच.

त्याच सुमारास व्हिएन्ना शहरात क्लेमेन्स फॉन पिर्के हे मुलांचे डॉक्टर एका निराळ्या वाटेने याच कोड्यापाशी येऊन पोहोचले. घटसर्प झालेल्या मुलांना तेव्हा घोड्याच्या रक्तापासून काढलेला रस टोचीत असत. त्याने मुलांचे प्राण वाचत. परंतु काही मुलांना पुढे ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे सुजत. हाच रस पुन्हा कधी टोचावा लागला, तर हा त्रास पहिल्याहून फार लवकर सुरू होई. पहिल्या भेटीने शरीराची वागणूकच बदलून जाते, हे पिर्के यांनी ओळखले, आणि १९०६ साली या बदललेल्या वागणुकीसाठी त्यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द योजला.

हा बदल शरीरात नेमका कोठे होतो? याचा पहिला धागा मासळीने दिला. हाइन्झ क्युस्टनर या जर्मन डॉक्टरांना मासे मुळीच सोसत नसत. १९२१ साली त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील रस काढून तो स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे टरारून गांध उठली. प्राउस्निट्झ यांना माशाचा कधी त्रास नव्हता. म्हणजे दोष माशात नव्हता, तर क्युस्टनर यांच्या रक्तातील कोणत्या तरी द्रव्यात होता. ते द्रव्य हाती लागावयास मात्र पुढे पंचेचाळीस वर्षे जावी लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. १९६८ साली त्याचे ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ असे नामकरण झाले. सोयीसाठी त्याला ‘ई-प्रतिपिंड’ म्हणता येईल.

प्रतिपिंड ही रक्तातील संरक्षक द्रव्ये होत. रोगजंतूंना ओळखून त्यांचा नाश घडवून आणण्यास ती मदत करतात. परंतु काही मुलांचे शरीर शेंगदाणा, दूध, अंडे किंवा मासा अशा निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते आणि त्याच्यासाठी ई-प्रतिपिंड तयार करून ठेवते. त्वचा, श्वासनलिका, आतडे इत्यादी ठिकाणी असणाऱ्या विशिष्ट पेशींवर हे प्रतिपिंड जाऊन बसतात. या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही; नेपच्यूनलाही पहिल्या वेळी काही झाले नव्हते. पुढे तो पदार्थ पुन्हा पोटात गेला, की त्या पेशी हिस्टामिन व इतर द्रव्ये एकदम ओकून टाकतात. मग अंगावर पित्त उठते, ओठ व जीभ सुजते, उलट्या होतात, श्वासनलिका आक्रसून दम कोंडतो. क्वचित रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब इतका उतरतो, की मूल शुद्ध हरपते. हाच तो ॲनाफिलॅक्सिस. तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो.

कीटकांच्या दंशाचेही असेच आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्यामोहोळे लोंबत असतात. ती उठली आणि शेकडो माश्या डसल्या, तर धडधाकट माणूसही दगावतो. परंतु तो विषाच्या एकंदर मात्रेचा परिणाम असतो. ॲलर्जी असलेल्यास एकच माशी पुरते. उलट, दंशाच्या जागी सूज येणे, दुखणे, खाजणे हे तर सर्वांनाच होते. त्याला कोणी भिऊ नये.

तेव्हा खरा प्रश्न निदानाचा आहे. दूध प्यायल्यावर पोट फुगले, वांगे खाऊन घसा खवखवला, की ‘याला ॲलर्जी आहे’ असे म्हणून लोक मोकळे होतात. दुधाने पोट फुगणे हे बहुधा दुधातील साखर न पचल्यामुळे होते, आणि त्याचा ई-प्रतिपिंडांशी संबंध नसतो. डॉक्टर प्रथम बारकाईने चौकशी करतात: काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, पूर्वी कधी झाला होता काय. मग संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब हातावर ठेवून त्यातून त्वचेला हलकेच टोचतात. पाव तासात तेथे गांध उठली, तर त्या पदार्थाचे प्रतिपिंड शरीरात आहेत असे समजते. रक्त तपासूनही ते कळते. पण येथेच एक मोठी फसगत आहे. प्रतिपिंड असूनही तो पदार्थ सुखाने खाणारी मुले पुष्कळ असतात! त्वचेवरच्या गांधीवर विसंबून राहिले, तर अशा मुलांचे दूध, अंडे, मासे सारेच तोडले जाईल आणि वाढत्या वयात त्यांची विनाकारण उपासमार होईल.

१९७६ साली चार्ल्स मे या अमेरिकन डॉक्टरांनी यावर एक युक्ती योजली. दमा असलेल्या व अमुक पदार्थ बाधतो असे सांगणाऱ्या मुलांना त्यांनी तो पदार्थ अपारदर्शक वेष्टनात भरून गिळावयास दिला. कोणत्या वेष्टनात खरा पदार्थ आहे आणि कोणत्यात नाही, हे मुलांना ठाऊक नसे. त्रास झाला तो त्यांच्यापैकी थोड्याच मुलांना. तेव्हापासून अशी खाऊन पाहण्याची कसोटी अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानात अखेरची मानली जाते. ती रुग्णालयातच, औषधे हाताशी ठेवून, अगदी कणभर मात्रेपासून चढत चढत करतात. घरी ती करून पाहणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

निदानात जशी चूक होते, तशी उपचारातही होते, आणि ती कधी कधी अर्धशतक टिकते. १९११ साली लेनर्ड नून यांनी लंडनमध्ये गवताच्या परागांची ॲलर्जी असलेल्यांना परागांचाच अर्क थोडा थोडा टोचून त्यांचे शरीर त्याला सरावविले. मधमाशीच्या दंशावरही हा उपाय करावा, असे डॉक्टरांच्या मनात आले. परंतु माशीच्या इवल्याशा नांगीतून विष गोळा कसे करावयाचे? त्यापेक्षा सबंध माश्याच वाटून त्यांचा अर्क काढणे सोपे होते. १९३० नंतर कित्येक वर्षे हाच अर्क टोचण्याचा प्रघात पडला. पुष्कळांना गुण आल्यासारखे वाटे. कारण एकदा त्रास झालेल्या प्रत्येकालाच पुढच्या दंशाने त्रास होतो, असे नाही. औषध न घेताही त्यांतील बरेच जण सुखरूप राहिले असते, हे कोणी पडताळून पाहिले नव्हते.

१९७४ साली अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरातील लॉरेन्स लिक्टेन्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चार वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. माश्यांचा अर्क टोचून घेऊनही पुढील दंशांनी त्याच्या जिवावर बेतले होते. मग त्यांनी त्याला शुद्ध विषाच्या चढत्या मात्रा दिल्या आणि त्या मुलाला मधमाशीचा दंश सोसू लागला. तोवर विष गोळा करण्याची एक नामी युक्तीही निघाली होती. पेटीपाशी काचेवर पातळ कापड ताणून त्यावरील तारांतून विजेचा सौम्य प्रवाह सोडीत. माश्या चिडून कापडातून नांगी मारीत, विष काचेवर वाळे आणि ते खरवडून घेत. माशीही बहुधा जिवंत राही.

एका मुलाच्या अनुभवावर मात्र हे डॉक्टर थांबले नाहीत. त्यांनी ५९ रुग्णांचे तीन गट केले: एकाला शुद्ध विष, दुसऱ्याला माश्यांचा अर्क, तिसऱ्याला नुसतीच दिखाऊ सुई. मग रुग्णालयात, सर्व सिद्धता ठेवून, त्यांना माशीचा दंश देण्यात आला. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दंश घेतलेल्यांपैकी दिखाऊ सुईच्या गटात १२ पैकी ७ जणांना त्रास झाला आणि अर्काच्या गटात ११ पैकी ७ जणांना! विषाच्या गटात १८ पैकी फक्त एकाला. माश्यांचा अर्क दिखाऊ सुईहून तसूभरही सरस नव्हता. इतकी वर्षे ज्या औषधाच्या भरवशावर रुग्ण निर्धास्त फिरत होते, ते औषधच नव्हते.

पुढे मुलांविषयीही पाहणी झाली. दंशाने फक्त अंगावर पित्त उठत असेल, तर बहुतेक मुलांना या उपचाराची गरज पडत नाही. परंतु ज्यांना लहानपणी दम कोंडण्यासारखा गंभीर त्रास झाला होता, त्यांपैकी उपचार न घेतलेल्या शंभरांतील ३२ जणांना कित्येक वर्षांनंतरच्या दंशानेही त्रास झाला. उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरांत ५ होते, असे २००४ साली दिसून आले. हा उपचार तीन ते पाच वर्षे चालतो.

शेंगदाण्याच्या बाबतीत घडले ते याहून चमत्कारिक. लहान मुलांना दाण्याची ॲलर्जी होऊ नये म्हणून, ज्यांच्या घराण्यात ॲलर्जी आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत दाणा देऊच नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली दिला होता. तो ऐकावयास शहाणपणाचा वाटे. तथापि ॲलर्जी काही कमी होईना. पुढे लंडनचे गिडियन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट टिपली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्राएलमधील मुलांच्या सुमारे दहापट होती. वंश तोच, मग फरक कशाचा? इस्राएलमध्ये दात येण्याच्या वयातच मुलांच्या तोंडात दाण्याच्या पिठाचा, कुरमुऱ्यासारखा फुललेला खाऊ पडतो. ब्रिटनमधील आया मात्र दाणा कटाक्षाने दूर ठेवीत होत्या.

लॅक यांनी ६४० तान्ह्या मुलांवर याची कसोटी घेतली. ती सर्व इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे धोक्यातील मुले होती. निम्म्यांना दाण्याचे पदार्थ नियमाने दिले आणि निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केले. मुले पाच वर्षांची झाल्यावर, न खाणाऱ्यांपैकी शंभरांत सुमारे १७ मुलांना ॲलर्जी आढळली, खाणाऱ्यांपैकी शंभरांत सुमारे ३ मुलांना. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांनी आपला सल्ला उलटा फिरविला. अर्थात, तान्ह्या मुलाला अख्खा दाणा कधीच देत नाहीत, तो घशात अडकतो. आणि तीव्र इसब असलेल्या मुलाला आधी डॉक्टरांकडे नेतात.

ज्या मुलाला ॲलर्जी जडलीच आहे, त्याला मात्र हा मार्ग खुला नाही. त्याने तो पदार्थ टाळावयाचा असतो. मराठी घरात हे सोपे नव्हे, कारण खिचडी, कोशिंबीर, भाजी, चटणी यांत दाण्याचे कूट कोठे दडले असेल, याचा नेम नसतो. पंगतीत बसलेल्या मुलाने ‘यात दाणा आहे का?’ असे विचारले, तर तो हट्ट नसतो.

आणि तरीही कधी चूक झाली, दंश झाला, तर? त्वचेत रुतलेली मधमाशीची नांगी तत्काळ काढतात, कारण तिची विषाची पिशवी दंशानंतरही विष सोडीत राहते. ती चिमटीने उपटू नये, हळूच खरवडावी, असे पूर्वी बजावीत. १९९६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी स्वतःच्या अंगावर दंश घेऊन पाहिले, तेव्हा पद्धतीने काही फरक पडत नाही, उशिराने मात्र पडतो, असे त्यांना आढळले. अंगावर उठलेल्या गांधींना आमसूल चोळले तर खाज कदाचित कमी वाटेल, गोळीने ती शमेलही. परंतु आवळलेला घसा त्याने मोकळा होत नाही. त्यासाठी ॲड्रिनलिनच लागते. रिशे नौकेवरून निघाले त्याच १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात मिळविल्याचे जाहीर केले होते. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत, ते विनाविलंब टोचतात. अनेक देशांत ॲलर्जी असलेली मुले त्याची पेनासारखी तयार सुई दप्तरात बाळगतात. सुई मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतरही मुलाला निजवून पाय उंच ठेवतात. दम लागत असेल तर बसवतात. त्याला उभे करीत नाहीत, चालवीत तर नाहीतच, कारण रक्तदाब उतरलेला असता एकाएकी उठल्याने काळीज बंद पडल्याची उदाहरणे आहेत. रुग्णालयात पोहोचेपर्यंत मूल पुष्कळदा टवटवीत होऊन घरी जाण्याचा हट्ट धरते. डॉक्टर त्याला काही तास तेथेच ठेवून घेतात. शमलेला त्रास त्या अवधीत पुन्हा उलटण्याचा संभव असतो.