पथ्य सहा-आठ आठवड्यांचं, जन्माचं नव्हे

गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन झालेली बाई टाके दाखवायला येते, तेव्हा पथ्याचे प्रश्न तिच्या ओठांवर असतात. हंडा कधी उचलू? कापूस वेचायला कधी जाऊ? कळण्याची भाकरी चालेल का? एक प्रश्न मात्र जळगावात काय नि धुळ्यात काय, सहसा कोणी विचारत नाही. वर्षभरानं कळतं, की नवरा ओसरीवर झोपतो आणि ही लेकरांजवळ. आत पोकळी झाली, काही इजा झाली तर, अशी धास्ती दोघांनीही घेतलेली असते.

म्हणून त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज देते.

पोकळी राहत नाही. कापसाच्या पोत्याचं तोंड शिवतात, तसं योनीचं वरचं टोक शिवून बंद केलेलं असतं. ती जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर संबंध नको. तपासून डॉक्टरांनी हो म्हटलं की पथ्य संपलं. लैंगिक सुखाची मुख्य जागा, म्हणजे शिश्निका, बाहेरच्या बाजूला असते. तिला या ऑपरेशनात हात लागत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये हजाराहून अधिक बायकांची दोन वर्षं पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. संबंधाच्या वेळी दुखण्याची तक्रार ऑपरेशनआधी सुमारे 19 टक्के जणींना होती, वर्षभरानंतर ती 4 टक्क्यांवर आली.

आता डिस्चार्ज कार्ड काढा आणि अंडाशयं ठेवली आहेत की काढली, हे डॉक्टरांकडून वाचून घ्या. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऐन तारुण्यात पिशवी गमावलेल्या बायका तेव्हा महाराष्ट्रानं पाहिल्या. अशा कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर पाळी जाण्याच्या वयातला त्रास एकदमच सुरू होतो. अंगाची आग होते, आणि आपल्याकडे ती भुसावळच्या उन्हावर ढकलली जाते. योनी कोरडी पडते, संबंध दुखतो. त्यावर पाण्यात विरघळणारी वंगण जेली मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. तेवढ्यानं भागलं नाही, तर इस्ट्रोजेनचं मलम डॉक्टरांना विचारून लावा. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, तर ते आधी सांगा.

संबंधानंतर रक्त गेलं, दुर्गंधी स्राव आला, ताप किंवा ओटीपोटात जोराची कळ आली, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑपरेशन कॅन्सरसाठी झालं असेल, तर तुमचं पथ्य तुमच्याच डॉक्टरांकडून समजून घ्या.

आणि पुढच्या तपासणीला येताना नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवू नका. त्यांनाही आत घेऊन या.