विम्याच्या अर्जातला एक प्रश्न

आयुष्याचा विमा उतरवताना अर्ज भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो. दुसऱ्या कंपनीत तुमचा विमा आहे काय? कुणी तुमचा अर्ज नाकारला होता काय?

पुष्कळ जण म्हणतात, "या कंपनीला त्या कंपनीचं काय कळतंय! लिहा 'नाही'."

पण कळते! कसे, ते पाहू.

१९५६ साली आयुर्विमा महामंडळ निघाले. मग बरीच वर्षे आयुष्याचा विमा बहुतेक एकाच दारी मिळे. २००० सालापासून खाजगी कंपन्या आल्या. आता वीसहून अधिक आहेत. लबाडांचे फावले. मरणाच्या दारातल्या माणसाचा विमा तीन कंपन्यांत उतरवायचा, आजार लपवायचा, आणि माणूस गेला की तिन्हीकडे पैसे मागायचे! हे पैसे येतात कुठून? तुमच्या-आमच्या हप्त्यांतूनच.

म्हणून २००९ साली हैदराबादला विमा माहितीचे एक कार्यालय निघाले. कंपन्या आपल्याकडच्या विम्यांची आणि दाव्यांची माहिती तिथे पाठवतात. दावा म्हणजे विम्याचे पैसे मागणे. एका कंपनीत सांगितलेला आजार दुसरीत लपवला, तर तो उघडा पडू शकतो.

लबाड पकडला जातो, हे ठीकच. पण साधा माणूसही यात सापडतो. समजा, एका शेतकऱ्याला साखरेचा आजार आहे. त्याने एजंटाला तसे सांगितले. एजंट म्हणाला, "राहू द्या हो, दादा." त्याने 'नाही' लिहिले. दादांनी न वाचता सही केली. दोन वर्षांनी दादा वारले. कंपनीने पैसे नाकारले. एजंटाचे काय गेले? कारभारीण मात्र उघड्यावर पडली.

तेव्हा अर्ज वाचा. इंग्रजीत असेल तर वाचून घ्या. हल्ली अर्ज मोबाइलवर भरतात आणि तुमच्या फोनवर आलेला आकडा मागतात. तो आकडा सांगणे म्हणजे सही करणेच.

कायदा कंपनीलाही बांधतो. विमा कायद्याचे ४५ वे कलम २०१५ साली बदलले. विमा सुरू होऊन तीन वर्षे झाली, की अर्जातली चूक दाखवून कंपनीला विमा नाकारता येत नाही. मात्र बंद पडलेला विमा पुन्हा चालू केला, तर तीन वर्षे तिथून मोजतात. तीन वर्षांच्या आत नाकारला, तर कारण लेखी द्यावे लागते.

ते कारण पटले नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कचेरी मुंबईला आहे, पुण्यालाही आहे. वकील लागत नाही, फी नाही. पण एका वर्षाच्या आत जावे लागते.