गुडघा अडकला? नस चोळू नका, गादी तपासा

मधुबन धरणाच्या काठाला जाळं ओढताना पाय गाळात रुततो. पाय तिथेच राहतो आणि अंग होडीकडे वळतं. गुडघ्यात कटकन वाजतं, तरी माणूस चालत घरी येतो. सूज बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी चढते. मग आपल्याकडे ठरलेलं: नस चढली, चोळून घ्या.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात, चंद्रकोरीसारख्या. डॉक्टर मेनिस्कस म्हणतात. अंगाचा भार असताना गुडघा पिळला की ही गादी फाटू शकते. फाटलेला भाग सांध्यात अडकला तर पाय सरळच होत नाही. अशा वेळी ओढून सरळ करू नका, कुणाला करूही देऊ नका. लगेच दवाखाना गाठा.

घाई का? गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्त नीट पोचतं. तिथली चीर भरू शकते, शिवताही येते. आतली सहसा भरत नाही. आणि एक्स-रेत हाड दिसतं, गादी नाही, म्हणून 'एक्स-रे चांगला आला' यावर थांबू नका. एमआरआय लागेल का, ते सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांना विचारा.

सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. चाळिशीनंतर झिजलेली गादी नुसतं उकिडवं बसून उठतानाही फाटते, तिथे बहुतेकदा आधी मांडीचे व्यायामच देतात.

तोवर फडक्यात बर्फ गुंडाळून 15-20 मिनिटं शेका (मासळीच्या पेटीतला चालतो), पाय उंच ठेवा. जाळं विणायला स्टूल घ्या. आम्हीही घेतलंय.