कडक डोहाळ्यांचे दिवस

डोहाळजेवणाचे फोटो बहुतेकींकडे असतात. त्याआधीच्या, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांतल्या दिवसांचे कुणाकडेच नसतात. त्या दिवसांनी मला जे शिकवलं, ते इथे लिहिते आहे.

१. मळमळ पोटात असते खरी, पण सुरू होते नाकापासून. शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली की मी मोरीकडे धावायची. भाताची वाफ, फ्रीजचं दार उघडताच येणारा कालच्या भाजीचा वास, नवऱ्याचा साबण, सगळंच असह्य. लोकलमध्ये पुढे बसलेल्या बाईच्या केसांतला मोगरासुद्धा. आयुष्यभर आवडलेलं फूल नकोसं व्हावं, याचं मला खरोखर वाईट वाटलं. मग लक्षात आलं, गार पदार्थांना वास कमी असतो. दहीभात, गार पोळी, कोकमाचं सरबत यांच्या आधारावर जेवण पुन्हा जमू लागलं.

२. रिकामं पोट जास्त छळतं. उलटी होईल म्हणून खायचं टाळावं, तर कोरडे उमासे आणखी वाढतात. उशाशी चुरमुऱ्यांचा डबा ठेवायचा, जाग आल्यावर पडल्यापडल्याच मूठभर खायचे आणि थोड्या वेळाने सावकाश उठायचं. दिवसभर दर दीड-दोन तासांनी चार घास. पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळात, घोटाघोटाने. साधं पाणी ठरत नव्हतं तेव्हा आईने साळीच्या लाह्या भिजवून त्यांचं पाणी गाळून दिलं. ते ठरलं.

३. बाळ उपाशी राहत नाही. ते उपाशी राहील ही काळजी मला उलट्यांपेक्षा जास्त पोखरत होती. डॉक्टरांनी समजावलं, नवव्या आठवड्यात गर्भ जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा असतो, त्याची गरज अजून फार थोडी असते. जे ठरेल ते खा, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका, लोहाच्या गोळ्या पुढच्या तिमाहीत बघू. लोहाने मळमळ वाढते, हेही तेव्हाच कळलं.

४. हे मनाचे खेळ नाहीत. ‘जरा मन रमव, बरं वाटेल’ हे मला इतक्या प्रेमाने सांगितलं गेलं की रडू यायचं. कारण शरीरात होतं, आणि ते आता बरंचसं उलगडलं आहे. जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आपल्या शरीरात एरवीही थोडं असतं. गर्भ आणि वार ते मोठ्या प्रमाणात तयार करू लागतात, आणि ते मेंदूच्या तळाशी जाऊन मळमळ जागी करतं. डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार, गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्रास जास्त. बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायकांत ते आधीपासूनच भरपूर असतं, आणि त्यांना मळमळ क्वचितच होते. या संशोधनातल्या मार्लेना फेझो यांनी १९९९मध्ये स्वतः हा त्रास टोकाला गेलेला सोसला होता, आणि त्यात त्यांचं बाळ गेलं. आपल्या दुःखाचं कारण शोधायला एखादी बाई एवढी वर्षं देते, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मळमळीवरून ‘मुलगा की मुलगी’ याचे अंदाज बांधणाऱ्या सगळ्या बायकांना मला हे सांगायचं आहे.

५. औषधाची भीती निराधार नाही. थॅलिडोमाइड १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत विकायला आलं, गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं, आणि १९६१मध्ये तिथे मागे घेतलं जाईपर्यंत हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. ही आठवण आपल्या आया-आज्यांच्या ‘गोळ्या नकोत गं बाई’मध्ये अजून जिवंत आहे, आणि मला तिचा आदर वाटतो. पण डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची जोडगोळी अनेक दशकं वापरात आहे, तिचा अभ्यासही भरपूर झाला आहे. डॉक्टरांना विचारून मी ती रात्री घेऊ लागले. झोप येते, पण सकाळ सुसह्य होते.

६. एका रेषेपलीकडे हा त्रास आजार होतो. घोटभर पाणीही ठरत नसेल, लघवी गडद किंवा जवळजवळ बंद झाली असेल, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. लघवीत किटोन तपासतात, सलाइन लावतात. कादंबरीकार शार्लट ब्राँटी १८५५मध्ये गरोदर असतानाच गेली. दाखल्यावर क्षय लिहिलं गेलं, पण या उलट्यांनीच तिचा जीव घेतला असावा असं अनेक अभ्यासकांना वाटतं. तेव्हा सलाइनची सर्रास सोय नव्हती. आज आहे, म्हणून ‘सहन कर, सगळ्यांनाच होतं’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

७. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, आणि त्रास सगळ्यात जास्त त्याच तीन महिन्यांत. माझ्या मते आपल्या रीतीची सगळ्यात दुखरी जागा हीच. गर्भ राहील की नाही या धास्तीतून ती आली, हे मला कळतं. पण ऑफिसात रोज नवी सबब सांगताना जीव निम्मा होतो. एकदा संध्याकाळी सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “अगं, आम्ही चाळीत राहायचो. मी मोरीत नळ पूर्ण सोडून ओकायची, मामंजींना आवाज जाऊ नये म्हणून.” एवढ्या वर्षांत त्या हे कुणाशी बोलल्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या वरिष्ठ बाईंना सांगून टाकलं. गर्भारपणातल्या आजारासाठी महिनाभरापर्यंत पगारी रजेची सोय १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती, हे त्यांनीच मला दाखवलं. २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना पाठ असते, हे कलम फारसं कुणाला माहीत नसतं.

८. ‘तिसरा महिना संपला की थांबेल’ हे बहुतेकींच्या बाबतीत खरं ठरतं, सगळ्यांच्या नाही. माझी मळमळ पाचव्या महिन्यात हळूहळू विरली, आणि दात घासताना येणारा उमासा तर त्यानंतरही काही दिवस राहिला. टूथपेस्ट बदलून बडीशेपेच्या चवीची आणली, तेव्हा कुठे तोही गेला.