फळमाशीचा संयम

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात वडीगोद्री नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख मोसंबीसाठी प्रसिद्ध. झाडाखाली पडून कुजू लागलेले मोसंबी उचलले, तर त्यावरून तांबड्या डोळ्यांच्या इवल्याशा माश्या उडतात. आपण त्यांना चिलटे म्हणून झटकून टाकतो; शास्त्रज्ञ मात्र त्यांना फळमाशी म्हणतात व मोठ्या आस्थेने पाळतात.

मुलांनो, कुजके फळ म्हणजे जिवाणूंचे आगरच. ही माशी प्रत्येक घासाबरोबर असंख्य जिवाणू गिळते. तरी ती जगते कशी?

तिच्या पेशींत काही प्रथिने पहारा करीत असतात. जिवाणूच्या कवचाचा तुकडा ओळखताच ती जनुकांना इशारा पोहोचवितात आणि जिवाणुनाशक द्रव्ये तयार होऊ लागतात. माशीच्या या संरक्षणव्यवस्थेवरील संशोधनाबद्दल फ्रान्समधील झुल्स हॉफमन यांना २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

परंतु बागेचा राखणदार पान हलले तरी रात्रभर आरोळ्या ठोकू लागला, तर गावाला झोप कशी लागावी? आणि तो झोपी गेला, तर बाग कशी राहावी? माशीपुढेही हाच पेच असतो. म्हणून तिच्या आतड्यात कवचाचे तुकडे तोडून निरुपद्रवी करणारे एक प्रथिन असते. त्यामुळे अन्नातील साध्या जिवाणूंपायी उगाच लढाई पेटत नाही. असे लगाम नसलेल्या माश्या अल्पायुषी ठरतात.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत गिरीश रत्नपारखी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक लगाम अभ्यासला. आतड्यातील ‘जुन’ हे प्रथिन संरक्षणाच्या अनेक जनुकांवर हुकमत चालविते. ‘सुमो’ नावाचे छोटे प्रथिन त्याला चिकटले, की त्याचा जोर ओसरतो. सुमो चिकटूच नये, असा बदल त्यांनी काही माश्यांच्या जुनमध्ये घडविला. त्या माश्यांना रोगकारक जिवाणू खाऊ घातले, तेव्हा त्यांचा प्रतिकार दुबळा पडला व जिवाणू अधिक वाढले. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याही शरीरात अशी पहारेकरी प्रथिने आहेत. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटला, तर माणसाची स्वतःची इंद्रियेच जायबंदी होतात. तो तोल कसा राखावा, याचे धडे शास्त्रज्ञ आज या माशीपाशी गिरवीत आहेत. तेव्हा मोसंबीवरील चिलट झटकण्यापूर्वी क्षणभर त्याच्याकडे निरखून पाहा.